लंगोटावरील डाग : आधी पाहावा, मग धुवावा

तान्ह्या बालकाला घेऊन चिकित्सालयात आलेली माता औषधाच्या पुड्या हाती घेतल्यावर, उठता उठता, बहुधा संकोचानेच एक प्रश्न विचारते : दुपट्यांवरचे आणि लंगोटांवरचे पिवळे डाग काही केल्या निघत नाहीत, त्यांना काय लावावे? हाच प्रश्न औषधी दुकानांत बाळाची आजी विचारते आणि दुकानदार हाताशी असेल ते पाकीट पुढे करतो. हा विषय परिटाचा आहे, वैद्याचा नव्हे, असे म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. आम्हांस मात्र तो आपल्याच कक्षेतील वाटतो. लंगोटावरील डाग ही नवजाताच्या मल-मूत्र परीक्षणाची घरच्या घरी तयार होणारी नोंद आहे. ती पुष्कळदा कोणाच्याही नजरेस न पडता मोरीतून वाहून जाते. शिवाय डाग काढण्यासाठी व कापड टिकवण्यासाठी जे जे वापरले जाते, त्याचा अंश कापडात राहतो आणि बालकाच्या कोमल त्वचेस चोवीस तास लागून असतो.

शास्त्रकारांनी हा विषय कमी लेखलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना बालकाचे अंथरूण-पांघरूण मृदू, हलके, शुचि व सुगंधी असावे असे सांगितले आहे. स्वेद, मल, जंतू यांनी युक्त आणि मल-मूत्राने माखलेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम धुऊन, धूपन करून, शुद्ध व कोरडी करून वापरावीत, असा तेथील क्रम आहे. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. प्रक्षालन प्रथम, धूपन त्यानंतर. आज अनेक घरांत ओलसर, अर्धवट धुतलेले लंगोट ओवा-वावडिंगाच्या धुरीवर धरून वाळवले जातात व तेवढ्याने शुद्धी झाली असे मानले जाते. यव, सर्षप, हिंगु, गुग्गुळ, वचा इत्यादी जी धूपनद्रव्ये आचार्यांनी सांगितली, ती स्वच्छ धुतलेल्या वस्त्रासाठी आहेत. मळ झाकण्यासाठी नाहीत. धुरीही बाळ-बाळंतीण नसलेल्या खोलीत द्यावी आणि कपडे हवेशीर करून मगच वापरावेत.

मलाचा लेप त्वचेवर राहिल्याने काय होते तेही आपणांस ठाऊक आहे. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत आणि वाग्भटांनी बालामयप्रकरणात अहिपूतनाचे कारण म्हणून मलोपलेप व स्वेद सांगितला. आधुनिक भाषेत सांगायचे तर मलातील जंतू मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार करतात, त्वचेचा क्षारभाव वाढतो आणि त्या क्षारभावात मलातील पाचक द्रव्ये त्वचेस अधिक दाहक होतात. दोन्ही वर्णने एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

डाग कोणता, हे आधी ओळखावे

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस काळपट हिरवा, चिकट डांबरासारखा मल येतो. त्यानंतर तो हिरवट आणि मग स्तनपान करणाऱ्या बालकात मोहरीच्या रंगाचा पिवळा होतो. हा पिवळा रंग पित्तरंजकाचा आहे. पहिल्या काही दिवसांत लंगोटावर विटकरीच्या भुकटीसारखा गुलाबी-नारिंगी डाग दिसला तर तो बहुधा मूत्रातील युरेट स्फटिकांचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही तो दिसत राहिल्यास दूध पुरेसे मिळते आहे की नाही ते पाहावे, वजन करावे. नवजात मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात किंचित रक्तमिश्रित स्राव दिसणे हे मातेकडून आलेल्या अंतःस्रावांचे परिणाम ओसरल्याने घडते व ते आपोआप थांबते. मलात ताजे रक्त दिसणे, पहिले काळे मल संपून पिवळे सुरू झाल्यावर पुन्हा काळे डांबरी मल होणे, नाळेतून रक्त झिरपणे या गोष्टी मात्र त्याच दिवशी रुग्णालयात पाठवण्याच्या आहेत.

लाल डाग पाहून घाबरलेली माता आली तर आम्ही आधी विचारतो, घुटीत किंवा अंगाला लावण्याच्या लेपात हळद आहे काय? हळदीचा पिवळा डाग साबण अथवा सोडा लागताच तांबडा होतो. हळदीवर खाराचा संस्कार करूनच आपले पारंपरिक कुंकू तयार होते, तेव्हा यात नवल नाही. अशा डागावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. हळद असेल तर तो पुन्हा पिवळा होतो, रक्त असेल तर होत नाही. एवढ्या साध्या कसोटीने एका कुटुंबाची रात्रीची धावपळ वाचते.

लंगोट टोपलीत दिवसभर साठवल्यावर लाल झाला, परंतु ताजा असताना लाल नव्हता, अशीही घटना वैद्यकात नोंदलेली आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे एका बालकाचे लंगोट याप्रमाणे तांबडे होत. ते मलातील सेराशिया नावाच्या रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या जंतूमुळे होते. याउलट, मूत्राचा डाग हवेत ठेवल्यावर तपकिरी-काळा होत जातो आणि साबणाने धुतल्यावर फिका होण्याऐवजी अधिकच गडद होतो, असेही एक दुर्मीळ लक्षण आहे. ते अल्कॅप्टोन्युरिया या आनुवंशिक विकाराचे. इंग्लंडमधील आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशाच एका कुटुंबातील नवजाताच्या लंगोटांवर लक्ष ठेवले आणि जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी डाग पडू लागल्याचे नोंदवले. पुढे चयापचयाच्या जन्मजात दोषांची जी संकल्पना त्यांनी मांडली, तिच्या मुळाशी एका दाईने जपून ठेवलेली फडकी आहेत, हे आम्हांस मोठे लक्षणीय वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचा डाग. नवजाताचे मूत्र जवळजवळ रंगहीन असते. पांढऱ्या सुती फडक्यावर त्याचा डाग सहसा उठत नाही. बालक दोन आठवड्यांचे झाले, डोळे अद्याप पिवळे आहेत, मूत्राने लंगोट पिवळा होतो आणि मल मात्र फिका, मळक्या पांढऱ्या मातीसारखा होतो, तर हे चित्र पित्तनलिका बंद असल्याचे असू शकते. चरकाचार्यांनी कामलेच्या एका प्रकारात तिळाच्या कल्कासारखा मल सांगून कफाने पित्ताचा मार्ग अडल्याची संप्राप्ती वर्णिली आहे; शाखाश्रित कामलेचे ते लक्षण आपल्यापैकी प्रत्येकाने पाठ केलेले आहे. परंतु येथे मार्गावरोध गर्भावस्थेपासून किंवा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत झालेल्या नलिकेच्या नाशामुळे असतो. तो कोणत्याही क्वाथाने वा रसकल्पाने उघडत नाही. यासाठी जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली शस्त्रक्रिया आहे, आणि तिचे यश बालकाच्या वयावर अवलंबून आहे. ती साठ दिवसांच्या आत झाल्यास पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता अधिक. जसजसे आठवडे जातात तसतसे यकृत कठीण होत जाते.

येथे आमच्या मनातील स्पष्ट मत सांगतो. अशा बालकास पंधरा दिवस कामलाहर औषध देऊन पाहणे म्हणजे साठांपैकी पंधरा दिवस खर्च करणे होय. दोन आठवड्यांपुढे कावीळ राहिलेल्या प्रत्येक बालकाच्या रक्तातील एकूण व संयुक्त अशा दोन्ही बिलिरुबिनची तपासणी करवून घ्यावी. संयुक्त बिलिरुबिन वाढलेले आढळल्यास बालशल्यविशारद असलेल्या मोठ्या केंद्रात विनाविलंब पाठवावे. बुलढाण्याच्या खेड्यांतून छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठण्यास कुटुंबास मनाची व पैशाची तयारी लागते. ती तयारी करून देण्याचे काम, ज्याच्या शब्दावर घराचा विश्वास आहे त्या वैद्याचेच आहे.

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजाताच्या पालकांस मलाच्या रंगांचे चित्रपत्रक दिले जाते. जपानमध्ये ते माता-बाल पुस्तिकेतच असते. आपल्याकडे असे पत्रक प्रत्येक घरी नाही, परंतु पांढरा लंगोट आहे. म्हणून आमचा आग्रह आहे की रंगीत, नक्षीदार होजिअरीच्या तुकड्यांपेक्षा जुन्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे, खळ गेलेले पांढरे मऊ फडके निदान पहिले दोन महिने वापरावे. एकदा वापरून टाकण्याच्या डायपरमध्ये मूत्र शोषले जाऊन त्याचा रंग कळत नाही, हा त्या सोयीतील दोष आहे. उन्हाळ्यात ज्या गावी टँकरने पाणी येते तेथे डायपर वापरणाऱ्या मातेस आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र बालकाचे डोळे पिवळे दिसत असतील तर एक दिवस पांढरे फडके बांधून ते न धुता घेऊन यावे, असे आम्ही सांगतो. औषधी विक्रेत्यांनीही डायपरचे पुडके देताना एवढे एक वाक्य सांगितले तर मोठे काम होईल.

धुण्याचा क्रम आणि आपले पाणी

डाग निर्दोष आहे असे ठरले की मग धुण्याचा विचार. मलात व रक्तात प्रथिने असतात. ती उष्णतेने गोठून धाग्यात बसतात. म्हणून प्रथम थंड पाणी, गरम पाणी नंतर. मल आधी खरवडून शौचकूपात टाकावा. बालकाचा मल निरुपद्रवी असतो ही समजूत चुकीची आहे. हातपंपाच्या किंवा विहिरीच्या कट्ट्यावर लंगोट धुणे हे अतिसार गावभर वाटण्यासारखे आहे. ताजा डाग तासाभरात थंड पाण्यात खंगाळला तर निम्मे काम तेथेच होते. मग साबण लावून काही वेळ भिजवावे, चोळावे, आणि डाग निघाल्यावर दहा मिनिटे उकळावे. अतिसार झालेल्या किंवा त्वचेवर बुरशीचे लाल पुरळ असलेल्या बालकाच्या लंगोटास उकळणे टाळू नये.

शेवटचा उपाय सूर्यप्रकाश, आणि आमच्या मते तोच सर्वांत गुणकारी. दूध पिणाऱ्या बालकाच्या लंगोटावरील राहिलेली पिवळी झाक, कापड ओलसर असतानाच उन्हात पसरले तर दोन-तीन वाळवणांत जाते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बालकांना उन्हात नेत असत. उघड्या त्वचेचा पिवळेपणा कमी होतो आणि झाकलेल्या भागाचा राहतो हे त्यांनी दाखवून दिले. तेथेच उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिन घटल्याचेही आढळले. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि त्यातून कावीळ झालेल्या नवजातांसाठीची प्रकाशचिकित्सा उभी राहिली. जो प्रकाश त्वचेतील पित्तरंजक मोडतो तोच दोरीवरच्या लंगोटातील मोडतो. वरण-भात खाऊ लागलेल्या बालकाचे तपकिरी डाग मात्र इतक्या सहज जात नाहीत. फिकी झाक राहिली तर राहू द्यावी. स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या लंगोटावरची झाक बालकास काहीही करीत नाही, हे मातेला ठामपणे सांगावे. डागाच्या लाजेपोटीच घरात तीव्र रसायने येतात.

आपल्या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न दोन तऱ्हेचा आहे. घाटावर विहिरी व कूपनलिकांचे पाणी काळ्या कातळातून येते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा थर बनतो, तो धाग्यावर बसतो आणि कापड राखट व ताठ होते. माता समजते डाग निघाला नाही, म्हणून आणखी साबण लावते, थर वाढतो. अशा पाण्यात दहा लिटरला साधारण दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा आधी विरघळवून मग साबण वापरावा, आणि शेवटी दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावी, भूजलच खारे आहे. तेथे सोडा घालून उपयोग नाही; सोडियमचे क्षार त्यात आधीच अधिक आहेत. साबण तयार करताना तो वेगळा काढण्यासाठी मीठ घालतात. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही त्याचे उत्तर त्यातच आहे. या भागात रिठ्याचे पाणी उपयोगी पडते, कारण रिठ्यातील फेनद्रव्य कठीण किंवा खाऱ्या पाण्याने साबणासारखे फाटत नाही. पांढऱ्या कापडास त्याने किंचित तांबूस छटा येते, आणि ते डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, हे सांगून ठेवावे. शेवटचे खंगाळणे तरी साठवलेल्या पावसाच्या किंवा नळयोजनेच्या गोड्या पाण्यात व्हावे. पाणी कमी असेल तेथे शेवटच्या खंगाळण्याचे पाणी टाकू नये; दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खंगाळण्यास ते चालते.

लोणारचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. सरोवरातील क्षारांना डल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती, आणि काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य येथे मिळते अशी नोंद अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरीत आहे. म्हणजे धुण्याचा खार पुरवणारा आपला जिल्हा जुना. आज सरोवर अभयारण्य असून २०२० मध्ये रामसर यादीत आले आहे, तेव्हा तेथील खार उचलण्याचा प्रश्न उरत नाही. तसाही तो लंगोटासाठी फार तीव्र.

हायपोक्लोराइटचे द्रावण रोज वापरू नये. ते धागा कुजवते, नीट न निघाल्यास त्वचा भाजते, आणि मूत्राने भिजलेल्या लंगोटावर थेट ओतल्यास अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू निघतो. कापड मऊ करणाऱ्या सुगंधी द्रावणांनी शोषणशक्ती घटते. अभ्यंगाच्या तेलानेही तीच अडचण होते. तेलकट लंगोट मूत्र शोषत नाही, तो गरम पाणी व सोड्यातूनच काढावा.

कापडातून शरीरात जाणारे विष

पेटीतील जुने कपडे नवजातास प्रथम घालण्याची आपली रीत आहे आणि ती मऊपणाच्या दृष्टीने चांगली आहे. परंतु ते कपडे पेटीत वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्यांत असतात. त्या गोळ्यांतील नॅफ्थलीन श्वासातून व त्वचेतून शोषले जाते. ज्या बालकांत जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे, त्यांत त्याने तांबड्या पेशी फुटतात, कावीळ एकाएकी वाढते आणि मेंदूस इजा पोहोचण्याइतकी वाढू शकते. नॅफ्थलीन तेलात विरघळते; म्हणजे तेल लावलेल्या अंगावर असा कपडा चढवला तर शोषण अधिक. अभ्यंगाचा सल्ला देणाऱ्या आपल्या सर्वांस ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. बारशाच्या सुमारास बालक एकदम पिवळे व निस्तेज झाले, मूत्र गडद झाले, तर कपडे कोठून काढले हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि बालकास ताबडतोब रुग्णालयात पाठवावे. पेटीसाठी वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने पुरेशी आहेत; तीही कपड्यांत थेट न घालता पुरचुंडीत बांधावीत. कापूर नको.

बोरिक पावडर तान्ह्या बालकाच्या पुरळावर टाकण्याची जुनी सवय अद्याप पूर्ण गेलेली नाही. सोललेल्या त्वचेतून ती शोषली जाऊन बालके दगावल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात आहेत. टंकण हेही त्याच कुळातले. कापड धुण्यासाठी टाकणखार मागितला तर लंगोटासाठी नाही, असे विक्रेत्याने सांगावे. १८८६ मध्ये लंडनमध्ये लंगोटांवर उमटवलेल्या ॲनिलीन शाईच्या शिक्क्यामुळे नवजात बालके निळी पडल्याची नोंद आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे रुग्णालयाच्या धुलाईत बुरशी रोखण्यासाठी वापरलेल्या पेंटाक्लोरोफिनेटमुळे नवजात कक्षातील बालके आजारी पडली आणि दोन दगावली. नवे कापड असो वा छापील, पहिल्या वापरापूर्वी दोन-तीनदा धुवावे हा आपल्या आज्यांचा नियम यासाठी योग्य आहे.

आणि बिब्बा. भल्लातकाचे तेल घरात, सुईणीच्या हातात व आपल्या औषधशाळेत असते. परिटांनी कपड्यांवर खूण करण्यासाठी चुन्याबरोबर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या वाळलेल्या खुणांनीसुद्धा त्वचेवर फोड आले व त्याचे वर्णन १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. शोधन करताना किंवा पायाला बिब्बा घातल्यावर त्याच हाताने दुपटे हाताळले तर त्यावर काळा डाग पडतो. तो सोड्याने, उन्हाने, कशानेही जात नाही, आणि धुतल्यावरही दाहक राहतो. ते फडके बालकासाठी पुन्हा वापरू नये. हातमोजे घालून उचलावे आणि पुरून टाकावे.